जर्मन विशेषणांचे प्रत्यय: 48 घरं घोकण्याआधी हे वाचा

जर्मनच्या पहिल्याच तासाला आपण 'गूटेन मोर्गेन', 'गूटेन टाग', 'गूटेन आबेन्ट' म्हणायला शिकतो. झोपायला जाताना मात्र 'गूटे नाख्ट'. 'चांगला' या अर्थाचा मूळ शब्द 'गूट'. मग तीनदा 'गूटेन' आणि चौथ्यांदा 'गूटे' का? त्या दिवशी हे कुणी विचारत नाही. पुढे ए-२ या दुसऱ्या पातळीच्या आसपास विशेषणांचे प्रत्यय येतात, 16 घरांचे तीन तक्ते समोर येतात, आणि विद्यार्थी एकूण 48 घरं घोकायला बसतो. आठवडाभरात सगळी एकमेकांत मिसळतात, आणि मग बोलताना माणूस विशेषणच टाळायला लागतो.

खरं तर लक्षात ठेवायचा तक्ता एकच आहे, आणि तो बहुतेकांना आधीपासून येत असतो. बाकी सगळं एका प्रश्नावर चालतं: नामाचं लिंग आणि विभक्ती सांगणारी खूण कुणी दिली आहे का?

वाचण्यापूर्वी एक सूचना. प्रत्यय नजरेत भरावा म्हणून इथे तो जोडरेघेने वेगळा दाखवला आहे, जसं 'गूट-एन'. प्रत्यक्षात तो एकच शब्द. देवनागरीतलं लेखन उच्चारापेक्षा जर्मन स्पेलिंगला धरून आहे. बोलताना शेवटचा '-ए' अगदी हलका, जवळजवळ 'अ' असा होतो आणि '-एर' हा 'आ'सारखा ऐकू येतो. म्हणून 'गूटे' आणि 'गूटेर' यांतला फरक सुरुवातीला कानाला कळत नाही. तो आधी लिहून पक्का करावा लागतो.

## पायरी 1: प्रत्यय लागतो का, ते बघा

विशेषण नामाच्या आधी, त्याच्याशी जोडून आलं तरच प्रत्यय लागतो. 'असणे', 'होणे', 'राहणे' अशा क्रियापदांबरोबर वाक्याच्या शेवटी आलं तर ते मूळ रूपातच राहतं.

मराठी माणसाची पहिली चूक इथेच होते. आपण 'मुलगा चांगला आहे, मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे' म्हणतो. आपलं विशेषण कुठेही बसलं तरी लिंगाप्रमाणे बदलतं. त्यामुळे 'डी फ्राउ इस्ट गूट-ए' असं सहज तोंडातून जातं. बरोबर वाक्य 'डी फ्राउ इस्ट गूट'. पुरुष असो, बाई असो, दहा मुलं असोत, तिथे 'गूट'च. 'डी गूट-ए फ्राउ' म्हटलं की विशेषण नामाला चिकटलं, मग प्रत्यय आला.

क्रियाविशेषणालाही प्रत्यय नाही. 'झेर', म्हणजे 'खूप', कधीच बदलत नाही. 'गान्त्स नॉय-एस आउटो', अगदी नवी गाडी, यात 'गान्त्स' हे 'नवी'बद्दल सांगतं, गाडीबद्दल नाही. म्हणून ते तसंच राहिलं.

## पायरी 2: लिंग जर्मनकडूनच घ्या

मराठीत जर्मनसारखीच तीन लिंगं आहेत, हा मोठा फायदा. नपुंसकलिंग म्हणजे काय हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण तीच सवय घातही करते, कारण मनात मराठी लिंग आधी उगवतं. 'घर' आणि 'हाउस', 'पुस्तक' आणि 'बूख', 'पाणी' आणि 'वासेर' या जोड्या दोन्हीकडे नपुंसकलिंगी, त्यामुळे विश्वास बसतो. मग 'दूध' नपुंसकलिंगी पण 'मिल्श' स्त्रीलिंगी, 'दार' नपुंसकलिंगी पण 'ट्यूर' स्त्रीलिंगी, 'खिडकी' स्त्रीलिंगी पण 'फेन्स्टेर' नपुंसकलिंगी, 'खुर्ची' स्त्रीलिंगी पण 'श्टूल' पुल्लिंगी. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे 'डी झोने' स्त्रीलिंगी. 'मुलगी' तर थेट नपुंसकलिंगी, 'डास मेटशेन'.

लिंग चुकलं की प्रत्यय चुकणारच, मग तक्ता कितीही पाठ असो. विद्यार्थ्यांच्या पुष्कळ चुका प्रत्ययाच्या नसतातच, त्या लिंगाच्या असतात. म्हणून नवीन नाम विशेषणासकट पाठ करा: 'आल्ट-एर श्टूल, आल्ट-ए ट्यूर, आल्ट-एस फेन्स्टेर'. यात लिंगही बसतं आणि पुढच्या तक्त्याची पहिली ओळही.

## पायरी 3: विभक्ती ठरवा, आणि आपल्या 'ला'पासून सावध राहा

जर्मनमध्ये विभक्ती चारच. वर्गात त्यांना नॉमिनेटिव्ह, अक्युझेटिव्ह, डेटिव्ह, जेनिटिव्ह म्हणतात. ढोबळ मानाने आपली प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी.

अडचण अशी की मराठीत 'ला' दोन कामं करतो. 'मी त्या माणसाला बघतो' आणि 'मी त्या माणसाला मदत करतो', दोन्हीकडे 'माणसाला'. जर्मनमध्ये 'बघणे', म्हणजे 'झेएन', अक्युझेटिव्ह घेतं: 'डेन मान'. 'मदत करणे', म्हणजे 'हेल्फेन', डेटिव्ह घेतं: 'डेम मान'. उलट निर्जीव कर्माला मराठीत काहीच लागत नाही. 'चांगला चहा आहे' आणि 'मी चांगला चहा पितो', दोन्हीकडे 'चांगला चहा'. जर्मनमध्ये पिण्याचा चहा अक्युझेटिव्हमध्ये जातो: 'इश ट्रिंके गूट-एन टे'. म्हणून मराठी वाक्य मनात ठेवून विभक्ती ठरवू नका. क्रियापद शिकताना त्याची विभक्तीही शिका. शब्दयोगी अव्ययांचंही तसंच: 'मिट', 'फोन', 'बाय', 'त्सू', 'आउस', 'नाख' नेहमी डेटिव्ह; 'फ्यूर', 'ओने', 'डुर्श', 'गेगेन', 'उम' नेहमी अक्युझेटिव्ह.

## पायरी 4: खूण कुणाकडे आहे ते शोधा

हा या विषयाचा गाभा. आधी तुम्हाला येणारा तक्ता, म्हणजे नामाआधी लागणाऱ्या 'डेर', 'डी', 'डास' या आर्टिकलांचा:

| | पु. | स्त्री. | नपुं. | अनेकवचन |
|---|---|---|---|---|
| नॉमिनेटिव्ह | डेर | डी | डास | डी |
| अक्युझेटिव्ह | डेन | डी | डास | डी |
| डेटिव्ह | डेम | डेर | डेम | डेन |
| जेनिटिव्ह | डेस | डेर | डेस | डेर |

या शब्दांची शेवटची अक्षरं म्हणजेच खुणा: -एर, -ए, -एस, -एन, -एम. 'डी'ची खूण '-ए' धरा आणि 'डास'ची '-एस'. जर्मन भाषेची मागणी एवढीच, की नामाच्या आधीच्या शब्दांपैकी कुणीतरी ही खूण दाखवावी. आर्टिकलने दाखवली तर विशेषणाला दाखवावी लागत नाही. आर्टिकल नसलं, किंवा असून गप्प असलं, तर ते काम विशेषणावर येतं.

यातून तीन परिस्थिती निघतात.

विशेषणाच्या आधी कुणीच नाही. विशेषण एकटं आहे, मग ते स्वतः आर्टिकलची खूण घेतं. 'डेर टे' वरून 'हाइस-एर टे'. 'डास वासेर' वरून 'काल्ट-एस वासेर'. 'मिट डेम वासेर' वरून 'मिट काल्ट-एम वासेर'. 'मिट डेर मिल्श' वरून 'मिट हाइस-एर मिल्श'. इथे मराठीतलं 'दूध' मनात असेल तर हमखास 'हाइस-एम' लिहिलं जातं. अपवाद एकच: जेनिटिव्ह पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी. तिथे नामालाच '-स' लागतो, म्हणजे खूण नामाने दाखवली. म्हणून विशेषण '-एन' घेतं: 'ट्रोत्स श्टार्क-एन रेगेन्स', जोराचा पाऊस असूनही.

ही परिस्थिती बघायची असेल तर जर्मनीतल्या पाट्या वाचा. पाटीवर आर्टिकल नसतं. संसदेचं नाव 'डॉयच-एर बुंडेस्टाग', रेल्वेचं 'डॉयच-ए बान', रेडक्रॉसचं 'डॉयच-एस रोट-एस क्रॉयत्स'. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, तिन्ही खुणा तीन नावांत आल्या. शेवटच्या नावात दोन विशेषणं आहेत आणि दोघांनी सारखीच खूण घेतली आहे. एका नामाआधी कितीही विशेषणं आली तरी सगळ्यांचा प्रत्यय एकच. आता वाक्यात तीच नावं बघा: 'डास डॉयच-ए रोट-ए क्रॉयत्स', आणि 'तो रेडक्रॉसमध्ये काम करतो' म्हणताना 'बाइम डॉयच-एन रोट-एन क्रॉयत्स' ('बाइम' म्हणजे 'बाय डेम'). आर्टिकल आलं, खुणेचं काम त्याने उचललं, विशेषणं शांत झाली.

दुकानातल्या पाकिटांवरही हेच: 'श्वार्त्स-एर टे', 'ग्र्यून-एर टे', 'श्टिल-एस वासेर' म्हणजे बुडबुडे नसलेलं पाणी, 'रोट-ए लिन्झेन' म्हणजे आपली मसूर डाळ.

विशेषणाच्या आधी 'डेर' किंवा त्याच्या घरातला शब्द आहे. म्हणजे 'डीझेर' (हा), 'येडेर' (प्रत्येक), 'वेल्शेर' (कोणता), अनेकवचनात 'आले' (सगळे). खूण यांनी दाखवलीच आहे, म्हणून विशेषणाला दोनच प्रत्यय उरतात, '-ए' आणि '-एन'. '-ए' पाच घरांत: नॉमिनेटिव्ह एकवचनाची तीन लिंगं, आणि अक्युझेटिव्हमधली स्त्रीलिंगी व नपुंसकलिंगी एकवचनं. उरलेली 11 घरं सगळी '-एन'.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं घर' यांना विभक्ती लावून बघा: 'चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या घरात, चांगल्या मुलांना'. लिंग, वचन सगळं विरघळून एकच 'चांगल्या' उरलं. जर्मनमधला '-एन' या 'या'चाच भाऊ समजा: 'डेम गूट-एन मान, डेर गूट-एन फ्राउ, डेम गूट-एन किंड, डेन गूट-एन लॉयटेन'. साम्य पूर्ण नाही. जर्मनमध्ये अनेकवचनाच्या नॉमिनेटिव्हलाही '-एन' येतो, 'डी गूट-एन किंडेर'. पण प्रत्यय सामान्यरूपासारखा वागतो हे एकदा पटलं की घोकंपट्टी निम्मी होते.

विशेषणाच्या आधी 'आइन' (एक), 'काइन' (एकही नाही) किंवा 'माइन' (माझा) यांसारखा शब्द आहे. हे घराणं बहुतेक ठिकाणी खूण दाखवतं: 'आइनेन, आइनेम, आइनेर, आइने'. तिथे विशेषण 'डेर'नंतरच्यासारखंच. पण तीन घरांत 'आइन' अगदी कोरा असतो: नॉमिनेटिव्ह पुल्लिंगी, नॉमिनेटिव्ह नपुंसकलिंगी, अक्युझेटिव्ह नपुंसकलिंगी. 'आइन मान' आणि 'आइन किंड' यांतल्या 'आइन'वरून लिंग कळतच नाही. म्हणून खूण विशेषणावर येते: 'आइन गूट-एर मान', 'आइन गूट-एस किंड'. तिसरा तक्ता म्हणून जो वेगळा पाठ करायला लावतात, त्यातलं नवीन एवढंच.

आता 'गूटेन टाग'कडे परत. पूर्ण वाक्य 'मी तुम्हाला चांगला दिवस इच्छितो' असं आहे. दिवस हे कर्म, म्हणजे अक्युझेटिव्ह. 'टाग', 'मोर्गेन', 'आबेन्ट' पुल्लिंगी, आर्टिकल गळलेलं, म्हणून 'डेन'ची खूण '-एन' विशेषणावर आली. 'नाख्ट' स्त्रीलिंगी, म्हणून '-ए'. 'गूट-ए बेसेरुंग' (लवकर बरे व्हा) हेही त्याच कारणाने. अडलात की अशा पाठ असलेल्या शुभेच्छांशी ताडून बघा.

## एक वाक्य सोडवून बघू

'मी माझ्या जुन्या मित्राला एक नवीन पुस्तक देतो.'

'देणे' म्हणजे 'गेबेन'. ज्याला द्यायचं तो डेटिव्हमध्ये, जे द्यायचं ते अक्युझेटिव्हमध्ये. मित्र म्हणजे 'फ्रॉइंट', पुल्लिंगी. डेटिव्हची खूण '-एम', ती 'माइनेम'ने घेतली. म्हणून 'माइनेम आल्ट-एन फ्रॉइंट'. पुस्तक 'बूख', नपुंसकलिंगी, अक्युझेटिव्ह. इथे 'आइन' कोरा. म्हणून खूण '-एस' विशेषणावर: 'आइन नॉय-एस बूख'. पूर्ण वाक्य: 'इश गेबे माइनेम आल्ट-एन फ्रॉइंट आइन नॉय-एस बूख'.

पहिले काही दिवस प्रत्येक वाक्य असंच लिहून सोडवा: लिंग, विभक्ती, विशेषणाआधीचा शब्द, खूण. वेळ लागतो. पण याच क्रमाने गेलं तर चूक झाली तरी कुठे झाली ते सापडतं.

## हमखास फसवणाऱ्या जागा

'इम', 'आम', 'त्सुम', 'त्सुर', 'बाइम', 'फोम'. इथे आर्टिकल दिसत नाही म्हणून विद्यार्थी 'इम क्लाइन-एम त्सिमेर' लिहितात. पण 'इम' म्हणजे 'इन डेम'. आर्टिकल आत दडलेलं आहे आणि शेवटचा 'म' हीच खूण. बरोबर रूप 'इम क्लाइन-एन त्सिमेर'. तारीख सांगतानाही तेच: 'आम एर्स्ट-एन माय', 1 मे रोजी.

'आले' आणि 'फीले'. 'सगळे' आणि 'पुष्कळ', दिसायला जुळे. 'आले' आर्टिकलसारखा वागतो, म्हणून 'आले गूट-एन फ्रॉइंडे'. 'फीले' स्वतःच विशेषणासारखा, म्हणून दोघांचा प्रत्यय सारखा: 'फीले गूट-ए फ्रॉइंडे', 'मिट फीलेन गूट-एन फ्रॉइंडेन'. 'आइनिगे' (काही) आणि 'मेरेरे' (अनेक) 'फीले'च्या बाजूचे. साधे आकडे खूण देत नाहीत: 'त्स्वाय गूट-ए फ्रॉइंडे', पण 'डी त्स्वाय गूट-एन फ्रॉइंडे'.

तुलनेचा '-एर'. 'क्लाइन' म्हणजे लहान, 'क्लाइनेर' म्हणजे अधिक लहान. हा '-एर' तुलनेचा, विभक्तीचा नाही. प्रत्यय त्याच्यापुढे अजून लागायचाच असतो: 'आइन क्लाइनेर-एस हाउस', 'आइन क्लाइनेर-एर टिश'. दुसऱ्या उदाहरणात दोन '-एर' लागोपाठ येतात. ते विचित्र वाटतं म्हणून एक गाळू नका.

रूप बदलणारी विशेषणं. 'होख' (उंच) नामाआधी 'हो-' होतं: 'आइन हो-एर बेर्ग'. 'टॉयेर' (महाग) मधला 'ए' गळतो: 'आइन टॉयर-एस आउटो'. 'डुंकेल' (अंधारा) चं 'आइने डुंक्ल-ए नाख्ट'.

न बदलणारी. 'रोझा' (गुलाबी) आणि 'लीला' (जांभळा) प्रत्यय घेत नाहीत, जशी आपली 'गुलाबी' आणि 'लाल' साडीलाही तशीच आणि सदऱ्यालाही तशीच. गावाच्या नावाला '-एर' लावून केलेलं विशेषणही चारही विभक्तींत तसंच राहतं: 'आउफ डेर फ्रांकफुर्टेर बूखमेसे'.

नाम झालेली विशेषणं. 'जर्मन माणूस' हा शब्द मुळात विशेषण, म्हणून तोही बदलतो: 'डेर डॉयच-ए', पण 'आइन डॉयच-एर'. 'एटवास' आणि 'निश्ट्स' यांच्यानंतर '-एस': 'एटवास गूट-एस', काहीतरी चांगलं. 'आलेस'नंतर मात्र '-ए', 'आलेस गूट-ए'.

## पत्राची पहिली आणि शेवटची ओळ

नोकरीसाठी किंवा विद्यापीठाकडे अर्ज करणाऱ्याने इथे चूक करू नये, कारण वाचणाऱ्याची नजर आधी इथेच जाते. नाव माहीत नसेल तर 'झेर गेएर्ट-ए डामेन उंट हेरेन', अनेकवचन म्हणून '-ए'. बाईंना 'झेर गेएर्ट-ए फ्राउ' आणि पुढे आडनाव. पुरुषाला 'झेर गेएर्ट-एर हेर' आणि आडनाव. ओळखीच्या माणसाला 'लीब-एर', ओळखीच्या बाईला 'लीब-ए'. शेवटी 'मिट फ्रॉइंटलिश-एन ग्र्यूसेन': 'मिट'मुळे डेटिव्ह, अनेकवचन, आर्टिकल नाही, म्हणून 'डेन'ची खूण. जुन्या अर्जातून मायना उचलताना '-ए' आणि '-एर' बदलायचं राहतं, पाठवण्यापूर्वी ते बघाच.

## कोणत्या क्रमाने शिकावं

आधी नॉमिनेटिव्ह आणि अक्युझेटिव्ह, तेही 'आइन' आणि 'डेर' यांच्यासह. रोजच्या बोलण्यातलं बरंचसं एवढ्यावर निभावतं. मग 'मिट' घेऊन डेटिव्ह. आर्टिकल नसलेली रूपं खाण्यापिण्याच्या शब्दांवर. जेनिटिव्ह सगळ्यात शेवटी. रोज एकच नाम घेऊन ते 'डास इस्ट', 'इश हाबे' आणि 'मिट' या तिघांपुढे, आधी 'आइन'ने, मग 'डेर'ने म्हणा. सहा वाक्यं होतात, पाच मिनिटं पुरतात. लिंग बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

बोलताना अडलात आणि विशेषणाच्या आधी आर्टिकल असेल, तर '-एन' म्हणून पुढे चला. 16 पैकी 11 घरं त्याचीच आहेत. लिहिताना मात्र ही सवलत घेऊ नका.

## हात चालवून बघा

उत्तर झाकून आधी स्वतः लिहा.

'मी काळी कॉफी पितो.' 'इश ट्रिंके श्वार्त्स-एन काफे.' मराठीत कॉफी स्त्रीलिंगी, जर्मनमध्ये पुल्लिंगी. कर्म आहे, आर्टिकल नाही.

'ही एक लहान खोली आहे.' 'डास इस्ट आइन क्लाइन-एस त्सिमेर.' 'आइन' कोरा.

'आम्ही एका मोठ्या शहरात राहतो.' 'वीर वोनेन इन आइनेर ग्रोस-एन श्टाट.' 'आइनेर'ने खूण दिली. ग्रोस-एर लिहिलं असेल तर खूण दोनदा झाली.

'ती नवीन पुस्तकं महाग आहेत.' 'डी नॉय-एन ब्यूशेर झिंट टॉयेर.' पहिलं विशेषण नामाला चिकटलं, दुसरं नाही.

'त्याच्याकडे पुष्कळ चांगल्या कल्पना आहेत' आणि 'त्याच्याकडे चांगल्या कल्पना नाहीत.' 'एर हाट फीले गूट-ए इडेएन' आणि 'एर हाट काइने गूट-एन इडेएन'. 'काइने' आर्टिकलच्या घरातला, 'फीले' नाही.

'माझ्या म्हाताऱ्या वडिलांची गाडी.' 'डास आउटो माइनेस आल्ट-एन फाटेर्स.' खूण 'माइनेस'वर आहे आणि नामालाही '-स' लागला आहे. शेवटचा हा '-स' पुष्कळांचा राहून जातो.